सहा ॲल्युमिनियम, चार फॉस्फरस आणि एक खोटी सही

मी निवृत्त झालो त्या दिवशी संस्थेच्या संचालकांनी भाषणात सांगितलं, "परबांनी एवढी वर्षं आपल्याला बाटल्या बनवून दिल्या." टाळ्या पडल्या. मीही हात जोडले. पण लालबागला घरी पोचेपर्यंत माझं डोकं तापलेलं होतं. अहो, नोकरीच्या सगळ्या वर्षांत मी एकही बाटली बनवलेली नाही. बाटल्या कारखान्यात साच्यातून पडतात. संचालकांच्या ऑफिसपासून माझी खोली चाळीस पावलांवर होती. तिथे काय चालतं हे बघायला ते एकदाही आले नाहीत आणि निरोप देताना मात्र माझ्या कामावर बोलले.

तेव्हा आधी माझं काम काय ते सांगतो. रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेला लागणारी काचेची उपकरणं मी बनवत असे. काचेची नळी ज्योतीवर धरायची, ती मधासारखी मऊ झाली की दोन्ही हातांनी सारख्या वेगाने फिरवत राहायची, दुसऱ्या टोकाने तोंडाने फुंकर घालायची आणि हवा तो आकार आणायचा. हात एक क्षण थांबला की काच खाली लोंबली. जोड झाला की काम संपत नाही. गरम काच एकदम थंड झाली तर तिच्या पोटात ताण राहतो. डोळ्यांना दिसत नाही, बोटांना लागत नाही. म्हणून ती भट्टीत ठेवून हळूहळू निववावी लागते. ज्याने ही पायरी टाळली त्याची काच आज उद्या कधीतरी फुटणार, आणि फुटेल तेव्हा समोर दुसराच कुणीतरी उभा असेल.

मूळचा मी गिरणीतला. इंजिनिअरिंग खात्यात गॅस वेल्डर होतो. ब्याऐंशीच्या संपात सगळ्यांबरोबर बाहेर पडलो. पुढे गिरणीचा दरवाजा अर्धवट उघडला तेव्हा आत घ्यायच्या लोकांत मी नव्हतो. दीड वर्ष घरात होतो. आमच्या मजल्यावरची निम्मी बिऱ्हाडं कोकणात गेली, त्यातली काही परत आलीच नाहीत. माझी बायको सुलभा शेजारणींबरोबर पापड लाटायची आणि मी दाराशी बसून जिन्यावर कोण चढतंय ते बघायचो.

गिरगावात एका गल्लीत हातिमभाई म्हणून एक बोहरी म्हातारे काचेचं काम करत. कुणीतरी म्हणालं, ज्योतीवर हात बसलेला माणूस त्यांना हवाय. गेलो. त्यांनी माझ्या हातात नळी दिली आणि मी पहिल्या मिनिटाला तिचा गोळा करून टाकला.

"लोखंड समझा क्या?" ते म्हणाले. "लोखंडाला जबरदस्ती चालते रे दत्ता. ह्याला नाय चालत."

तीन वर्षं मी त्यांच्याकडे शिकलो. त्यांची एक सवय मला लागली. काही फुटलं की केरात टाकायच्या आधी ते तुकडा उजेडात धरून त्याची कड बघायचे. कुठून सुरुवात झाली, ताजी चीर की जुनी, हे कडेवर वाचता येतं. त्यांच्याच ओळखीने मी परळ भागातल्या या संस्थेत लागलो. संस्थेचं नाव लिहीत नाही. लिहिलं तर दोन ओळींचा खुलासा येईल आणि मला तो नको आहे.

गिऱ्हाइकं म्हणाल तर एकेक नमुने होते. एक प्राध्यापक लग्नपत्रिकेच्या पाठीवर उपकरणाचं चित्र काढून आणायचे. त्यांनी एकदा असं उपकरण काढलं होतं ज्यात पाणी आत शिरायला वाट होती, बाहेर पडायला नव्हती. मी विचारलं तर म्हणाले, "ते तुम्ही बघा." दुसऱ्या एका बाईंना चहा गाळायला प्रयोगशाळेचंच नरसाळं लागायचं. मी त्यांना स्वतंत्र बनवून दिलं आणि वर 'फक्त चहा' असं कोरलं, कारण त्यांच्या टेबलावर सायनाइडही असायचं. असे किस्से पुष्कळ आहेत. पण मला आज वसुधाबद्दल लिहायचं आहे.

वसुधा तांडेल शिवडी कोळीवाड्यातली. आई परळच्या बाजारात मासळी विकायची, वडील वारलेले. पोरगी एमएस्सीला पहिली आलेली, आमच्याकडे पीएचडीला लागली. तिचे मार्गदर्शक डॉ. ताम्हणकर, दादरचे, मोठे हुशार म्हणून नावाजलेले. वसुधा पहिल्या दिवशी माझ्या खोलीत आली, स्टूल ओढून बसली आणि म्हणाली, "काका, मला हवेचा एक थेंब आत न जाणारी लाइन पाहिजे. कशी करायची ते तुम्ही सांगा, कशासाठी ते मी सांगते."

कशासाठी हे मला सांगणारी ती पहिली विद्यार्थिनी. बाकीचे नुसता आकार सांगायचे.

तिने सांगितलं ते असं. ॲल्युमिनियम हा धातू दुसऱ्यांशी जोडला जातो तेव्हा बहुतेक वेळा तीन हात पुढे करतो. आपल्या घरातल्या तुरटीतसुद्धा तो तसाच असतो. त्याला एकच हात पुढे करायला लावणं फार कठीण. आधी पोटॅशियमसारख्या तापट धातूच्या मदतीने त्याला त्याच्या जुन्या जोडीदारांपासून सोडवायचं, त्याच्या डोक्यावर कार्बनची एक मोठी छत्री धरायची म्हणजे बाकीचे त्याच्यावर धावून येणार नाहीत, आणि मग त्याची पांढऱ्या फॉस्फरसशी गाठ घालून द्यायची. पांढरा फॉस्फरस पाण्याखाली ठेवावा लागतो, हवेत आला की पेटतो. आणि तो उपाशी ॲल्युमिनियम हवेचा वास लागला तरी नासतो. दोघांना एकत्र आणलं तर त्यांचा एक गुच्छ तयार होईल, पिंजऱ्यासारखा. परदेशात एकदोन ठिकाणी असलं काही जमल्याचं तिने वाचलं होतं. तिला वेगळी छत्री वापरून तो करायचा होता आणि त्याची रचना बघायची होती.

"आणि ह्याचा उपयोग काय गं?" मी विचारलं.

"माहीत नाही," ती हसून म्हणाली. "आधी असतो का ते तर बघू."

मी तिला दुहेरी नळीची लाइन बांधून दिली. एका नळीत पंपाने ओढलेली पोकळी, दुसरीत शुद्ध कोरडा नायट्रोजन. प्रत्येक भांड्याला एक तोटी. इकडे फिरवली की हवा निघून जाणार, तिकडे फिरवली की नायट्रोजन येणार. पंपाच्या आधी एक ट्रॅप, म्हणजे काचेचा लांब पेला. तो द्रवरूप नायट्रोजनमध्ये बुडवून ठेवायचा, म्हणजे निसटलेल्या वाफा पंपात जाण्याआधी तिथेच गोठतात. तो नायट्रोजन इतका थंड की त्यात गुलाबाचं फूल बुडवून टेबलावर आपटलं तर चुरा होतो. बाकी सगळं मी नवं केलं. ट्रॅप मात्र जुना, पूर्वी बाजारातून आणलेला, लाइनीवर होता तोच ठेवावा लागला. नव्याला लागणारी जाड नळी शिल्लक नव्हती.

अकरा महिने वसुधाच्या हाती काळा चिखल लागत होता. ती रोज सकाळी नऊला यायची, हात धुवायची, ओढणी कमरेला खोचायची आणि सुरू. चिखल झाला की वहीत लिहायची, "काळं. पुन्हा." एकदा रडली. मी चहा आणला. ती म्हणाली, "काका, आई दर रविवारी विचारते, किती राहिलं? तिला काय सांगू?"

मग एका दुपारी ती धावत आली, मला हाताला धरून घेऊन गेली. भांड्याच्या तळाशी पिवळे खडे होते. खसखशीपेक्षा थोडे मोठे, धारदार कडांचे. भांड्याबाहेर काढले असते तर डोळ्यांदेखत राख झाले असते.

त्यांची रचना बघायची तर क्ष-किरणांखाली ठेवायला हवेत, आणि तेही हवा न लागता. माझ्या हातून झालेलं सगळ्यात नाजूक काम ते. काच ओढून ओढून मी केसासारख्या पोकळ नळ्या काढल्या, भिंत इतकी पातळ की कांद्याचं साल जाड वाटावं. नायट्रोजनच्या पेटीत तिने एकेका नळीत एकेक खडा सरकवला आणि मी टोक ज्योतीने बंद केलं. पाच भरल्या, दोन फुटल्या, तीन राहिल्या. शहरातल्या दुसऱ्या एका संस्थेत यंत्र होतं. त्यावर सहा दिवस मोजणी चालली.

सातव्या दिवशी वसुधा कागदांची भेंडोळी घेऊन आली. मला म्हणाली, "दोन पेट्या एकमेकींना चिकटवून ठेवा. किती कोपरे झाले?"

"बारा," मी मोजून म्हणालो.

"एक सोडून एक ॲल्युमिनियम आणि फॉस्फरस ठेवा. आता समोरासमोरच्या टोकांचे दोन फॉस्फरस काढून टाका. सहा ॲल्युमिनियम, चार फॉस्फरस. दोन कोपरे रिकामे. काका, हा असा आहे!"

मी तिला निळ्या आणि पिवळ्या मण्यांचं काचेचं प्रतिरूप करून दिलं. ते घेऊन ती ताम्हणकर सरांकडे गेली. मी दारात उभा होतो, त्यामुळे पुढचं मी स्वतःच्या कानांनी ऐकलंय.

सरांनी कागद चाळले. त्यांना साधी बंद पेटी अपेक्षित होती, चार आणि चार. ती तीन हातांच्या ॲल्युमिनियमची, कितीतरी लोकांनी केलेली. ते म्हणाले, "मोजणीत चूक आहे. कोपरे दिसत नाहीत म्हणजे तुझा स्फटिक खराब आहे."

"सर, मी तीनदा तपासलंय. ऑपरेटरनीही..."

"तांडेल," सर म्हणाले, "कोळीवाड्यात जाळ्याला भोक पडलं तर त्याला कुणी नवीन शोध म्हणत नाही."

खोलीत आणखी दोघं होती. ती दोघंही हसली.

वसुधा हसली नाही, रडली नाही. "जाळ्याला भोक कुठंय ते कळल्याशिवाय ते विणता येत नाही, सर," एवढंच बोलली आणि कागद उचलून बाहेर आली. प्रतिरूप टेबलावरच राहिलं. पुढे कित्येक वर्षं सर ते पाहुण्यांना दाखवायचे.

आठ दिवसांनी बाहेरच्या शास्त्रज्ञांची समिती यायची होती. सरांनी हुकूम सोडला, की रचना काही का असेना, खडे होतात एवढं वसुधाने त्यांच्यासमोर पुन्हा करून दाखवावं. तयारी करताना मी सगळी लाइन तपासली. आमच्याकडे ताण बघायचं एक साधं साधन असतं. दोन काळसर पट्ट्यांच्या मध्ये काच धरायची आणि मागे दिवा लावायचा. निवांत काच काळी दिसते, ताण असेल तिथे रंग उमटतात. ट्रॅपच्या मानेपाशी मोरपिसासारखे रंग होते आणि जोडाशी केसाएवढी चीर. मी त्याआधीही दोनदा लेखी कळवलं होतं. आता तिसऱ्यांदा लिहून स्वतः नेऊन दिलं.

"समिती जाऊ दे," सर म्हणाले. "मग बदलू."

"सर, हा टिकायचा नाही."

"परब, इतके दिवस टिकला ना? आठ दिवस आणखी टिकेल."

मी गप्प बसलो. ट्रॅप काढून, फोडून, केरात टाकायला मला कुणी अडवलं होतं? गिरणीत असतो तर टाकला असता. पण नोकरी जाणं म्हणजे काय ते मी एकदा बघितलं होतं, आणि बघितलेला माणूस फार लवकर गप्प बसतो.

समिती सकाळी अकराला आली. वसुधाने ट्रॅप थंड केला, पोकळी सुरू केली. मी कोपऱ्यात उभा होतो. टक्कन आवाज झाला. एवढाच, सुपारी फोडल्यासारखा. ट्रॅपची मान गेली, बाहेरची हवा सोसाट्याने लाइनीत शिरली आणि लाइनीला जोडलेलं, वसुधाच्या हातातलं भांडं पेटलं. पांढरा धूर, लसणासारखा उग्र वास. समितीतले लोक दाराकडे पळाले. ताम्हणकर सर त्यांच्या पुढे होते.

वसुधाने भांडं फेकलं नाही, समोर माणसं होती म्हणून. ते तिने वाळूच्या घमेल्यात दाबलं. तोवर पेटता फॉस्फरस तिच्या उजव्या हाताला चिकटला होता. तिने स्वतःच हात पाण्याच्या टबात कोपरापर्यंत बुडवला आणि ओरडली, "काका, भांड्यावर पाणी नको! पोटॅशियम आहे! वाळू टाका, वाळू!" मी वाळूवर वाळू ओतली. मग ओल्या फडक्यात तिचा हात गुंडाळून तिला हॉस्पिटलात नेलं. वाटभर ती एकच विचारत होती, "बाकी कुणाला लागलं नाही ना?"

तीन आठवडे ती हॉस्पिटलात होती. तिची आई टोपली बाजूला ठेवून थेट संस्थेत आली. सरांच्या दाराशी उभी राहिली आणि तिचा आवाज खालच्या मजल्यापर्यंत गेला, "माजे पोरीचा हात जललाय आनि तुमी तिलाच बोलताव? कंच्या तोंडानं बोलताव?" शिपायाने तिला बाहेर नेलं. त्या बाईला कुणी साधं पाणी विचारलं नाही. मीही नाही. मी माझ्या खोलीत दार लावून बसलो होतो.

कारण तोवर माझ्यासमोर एक कागद आला होता. चौकशी समिती नेमली गेली होती. कागदावर टाइप केलं होतं, की अपघाताआधी मी सर्व काचसामान तपासलं आणि ते सुस्थितीत होतं. खाली माझ्या सहीची जागा.

"पण मी तीनदा लिहून दिलंय," मी म्हणालो.

"फाइलमध्ये तसं काही नाही," सर शांतपणे म्हणाले. त्यांनी फाइल माझ्यासमोर उघडून दाखवली. खरंच नव्हतं. "आणि परब, काच खराब होती असं म्हटलं तर प्रश्न काच बनवणाऱ्यालाच विचारतील. तुमची नोकरी अजून पक्की झालेली नाही. विचार करा."

मी सही केली.

हे वाक्य लिहायला मला सगळ्यात जास्त वेळ लागला. त्या कागदाच्या आधारावर वसुधाची नोंदणी थांबवली. कारण लिहिलं, हलगर्जीपणा. गिरणीतही असंच असायचं. यंत्र मोडलं की पहिला प्रश्न, पाळीवर कोण होतं? यंत्राला तेल कुणी दिलं नाही, पट्टा कुणी बदलला नाही, ते कुणी विचारायचं नाही. पाळीवरचा माणूस घरी. त्या प्रश्नाने आम्ही सगळे चिडायचो, त्याच्याविरुद्ध घोषणा द्यायचो. आणि इथे मी स्वतः त्यावर सही करून आलो होतो.

घरी सुलभाला सांगितलं. ती भाकरी थापत होती. थांबली. आमच्या घरात मालवणी बोलतात, आणि ती रागावली की फार हळू बोलते.

"तुमी संपात दीड वरस घरात बसलात," ती म्हणाली, "पण कोणाचे पाय धरूक गेलात नाय. तेवा आपल्याकडे खावक नव्हता. आता पोटाक मिळता, तर एका सहीक भियालात?"

"नोकरी गेली तर?"

"गेली तर मी पापड लाटीन. माका येतत." तिने पुन्हा थापायला सुरुवात केली. "त्या पोरीक हात नाय रवलो."

फुटलेला ट्रॅप मी टाकला नव्हता. हातिमभाईंची सवय. अपघाताच्या दिवशीच तुकडे गोळा करून कपाटात ठेवले होते. दुसऱ्या दिवशी ते काढले आणि मानेचा तुकडा उजेडात धरला. कड दोन रंगांची होती. बराचसा भाग लख्ख, ताजा फुटलेला. पण आतल्या बाजूला नखाएवढा भाग तपकिरी होता. पंपाच्या तेलाची वाफ महिनोन् महिने चिरेत मुरल्याशिवाय असा रंग येत नाही. म्हणजे चीर जुनी होती आणि त्या दिवशी तिने फक्त शेवट गाठला होता.

वसुधा हॉस्पिटलातून सुटल्यावर चौकशी समितीची बैठक भरली, तिथे मी न बोलावता गेलो. अध्यक्ष बाहेरच्या एक निवृत्त प्राध्यापिका होत्या. वसुधा हात पट्टीत बांधून एका टोकाला बसली होती. तिने माझ्याकडे बघितलंही नाही. मी सही केलीय हे तिला वाचून दाखवलं होतं.

"परब, तुम्ही बाहेर थांबा," ताम्हणकर सर म्हणाले. "हा तुमचा विषय नाही."

"काच माझाच विषय आहे, साहेब," मी म्हणालो.

बाई म्हणाल्या, "बोलू द्या त्यांना."

मी टेबलावर तुकडे मांडले. दिवा लावला, पट्ट्या धरल्या. उरलेल्या काचेतही रंग दिसत होते. बाई उठून जवळ आल्या, चष्मा वर सरकवून बघू लागल्या. मी त्यांना तपकिरी कड दाखवली, ती कशाने होते ते सांगितलं. तीन वेळा लिहून दिलं होतं तेही सांगितलं.

"मग काच सुस्थितीत होती असं तुम्ही लिहून का दिलंत?" त्यांनी विचारलं.

"घाबरलो म्हणून."

"कुणाला?"

मी सरांकडे बघितलं. ते खिडकीबाहेर बघत होते. "नोकरी जाईल ह्याला," मी म्हणालो. "मी गिरणीतून आलोय, बाई. पण ही पोरगी माझ्यासारखी घाबरली नाही. हात पेटलेला असताना तिने भांडं समोरच्या माणसांवर पडू दिलं नाही. तिला हलगर्जी म्हणणारा कागद खोटा आहे. त्यावरची माझी सही खोटी आहे."

तेव्हा वसुधाने माझ्याकडे बघितलं.

आता निकाल ऐका. अहवालात आलं, 'उपकरणातील दोषामुळे अपघात.' दोष कुणामुळे राहिला, माझी पत्रं फाइलमधून कुणी काढली, यावर एक अक्षर नाही. वसुधाची नोंदणी परत मिळाली, पण ताम्हणकर तिला घ्यायला तयार नव्हते. मला खोटं निवेदन दिल्याबद्दल मेमो मिळाला आणि दोन वर्षं भांडी धुण्याच्या विभागात पाठवलं. मेमोबद्दल माझी तक्रार नाही, तो मला मिळायलाच हवा होता. पण मग तो कागद टाइप कुणी केला होता? ज्याने सही केली त्याला शिक्षा, ज्याने करायला लावली तो पुढच्या वर्षी विभागप्रमुख!

एवढ्यावर भागलं असतं तर मी गिळलं असतं. दीड वर्षाने त्या पिवळ्या खड्यांवरचा लेख परदेशी नियतकालिकात छापून आला. दुसऱ्या दिवशी वसुधा तो घेऊन माझ्याकडे आली. सहा ॲल्युमिनियम, चार फॉस्फरस, दोन रिकामे कोपरे. तेच आकडे, तिच्याच वहीतले. ज्याला 'जाळ्याचं भोक' म्हटलं होतं त्याला आता 'अनपेक्षित आणि लक्षणीय रचना' म्हटलं होतं. लेखक डॉ. ताम्हणकर आणि त्यांचा दुसरा एक विद्यार्थी. अगदी शेवटी बारीक टाइपात, 'तांत्रिक साहाय्याबद्दल कु. व. तांडेल यांचे आभार.'

अकरा महिन्यांचा चिखल, जळलेला हात, उजव्या हाताची दोन बोटं कायमची आखडलेली, आणि तांत्रिक साहाय्य. मला माझं नाव नको होतं. खोटं कशाला बोलू, थोडं हवं होतं. पण तिचं?

तिने नियतकालिकाला पत्र लिहिलं, वहीच्या पानांच्या प्रती जोडल्या. त्यांनी संस्थेला विचारलं. संस्थेने कळवलं, ही आमची अंतर्गत बाब आहे. संपलं. त्या लेखाचा दाखला आजही लोक देतात, ताम्हणकरांच्या नावाने.

वसुधाने दुसऱ्या गावच्या विद्यापीठात पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली. डाव्या हाताने तोट्या फिरवायला शिकली. नवा गुच्छ केला, नवी रचना काढली, पीएचडी मिळवली. मधे तिची पत्रं यायची. एका पत्रात तिने लिहिलं होतं, 'काका, मी तुमच्यावर एक महिना रागावले होते. मग आई म्हणाली, त्यानं परत येऊन सांगितलं ना, सगळे येत नाहीत.' मला ते वाचून हलकं वाटायला हवं होतं. वाटलं नाही. त्या महिन्यातले तीन आठवडे तिने हॉस्पिटलच्या खाटेवर काढले होते.

मी निवृत्त झाल्यावर चारसहा महिन्यांनी तिचा फोन आला. आता ती उपनगरातल्या एका संस्थेत स्वतःची प्रयोगशाळा चालवते. "काका, उद्या या. नवी लाइन बसवलीय. तुम्ही बघितल्याशिवाय मी सुरू करणार नाही."

गेलो. मोठी खोली, नऊ विद्यार्थी, कामाची घाई. दुसऱ्या दिवशी त्यांच्याकडेही कुणी मोठे पाहुणे यायचे होते म्हणे. पंप चालू होता. मी खिशातून पट्ट्या काढल्या आणि एकेक जोड बघत गेलो. चौथ्या तोटीच्या बुडाशी रंग दिसले. फार नव्हते, पण होते.

"थांबवा," मी तिथल्या विद्यार्थिनीला म्हणालो.

ती गोंधळली. एका अनोळखी म्हाताऱ्याच्या सांगण्यावरून पंप कसा बंद करायचा? "सर, उद्या रिव्ह्यू आहे. आता काढली तर अख्खा दिवस जाईल. मी मॅडमना विचारून येते."

वसुधा दारातच होती. "काय झालं?"

"मॅडम, हे थांबवा म्हणतायत."

"मग मला काय विचारतेस?" वसुधा म्हणाली. "बंद कर."

पंपाची घरघर थांबली. वसुधाने पाहुण्यांना फोन लावला आणि दोन वाक्यांत सांगितलं, की उद्याचं पुढे ढकलावं लागेल. समोरून काहीतरी बरंच बोलणं झालं असावं. ती ऐकून घेत राहिली, मग म्हणाली, "नाही, जमणार नाही," आणि फोन ठेवला. आखडलेल्या दोन बोटांनी तिने माझ्यासाठी स्टूल पुढे ओढलं.

"सगळे इकडे या," तिने हाक मारली. "काका, कुठं बिघडलंय आणि ते कसं ओळखायचं, ते ह्यांना सांगा."

नऊ जण वह्या घेऊन माझ्याभोवती उभे राहिले. मी तोटी उजेडात धरली आणि सांगायला सुरुवात केली.